वाकड्या वाटेनें आलेली साक्ष

गेल्या वैशाखांत आम्ही पंधरा दिवस कोंकणांतील मूळ घरीं जाऊन राहिलों होतों. आमची वाडी व आमच्या चुलत बंधूंची वाडी यांच्यामधील चिऱ्यांचा गडगा मागच्या पावसाळ्यांत ढासळला. तो नव्यानें घालावयाचा, तर आधीं हद्द निश्चित झाली पाहिजे, म्हणून दोन्ही घरांच्या सह्यांनीं सरकारी मोजणीचा अर्ज केला होता. ज्यांचीं मूळ घरें अद्याप उभीं आहेत अशा वाचकांना सांगावयास नको कीं, गडग्याचें काम हें नुसतें चिऱ्यांचें काम नव्हे. आमच्या आजोबांच्या वेळीं वांटण्या झाल्या, चुली निराळ्या झाल्या. परंतु गणपति आजहि एकच येतो, एक वर्ष त्यांच्या माजघरांत व एक वर्ष आमच्या. हातभर जमिनीवरून कोर्टाची पायरी चढलेलीं आणि पुढें एकमेकांच्या दारांत पाऊल न टाकणारीं घरें त्याच गांवांत आम्हीं पाहिलीं आहेत. तेव्हां मोजणीच्या दिवशीं सकाळीं आम्ही स्नानसंध्या आटोपून ओसरीवर बसलों खरे, पण चित्त स्वस्थ नव्हतें.

मोजणीदार तरुण व विनयशील होता. आमच्या वडिलांच्या वेळची शंकुसाखळीची मोजणी आम्हांस आठवते. साखळी ओढणारे दोन गडी, झेंडे, नकाशाचा फळा आणि दिवसभर चाललेलीं चहाचीं आधणें. या गृहस्थाजवळ मात्र एक उंच काठी, तिच्या टोंकाला उपड्या तपेलीसारखें यंत्र आणि हातांत पाटीएवढा पडदा, इतकाच संसार होता. हें यंत्र आकाशांतील उपग्रहांचे संदेश ऐकतें व आपण पृथ्वीवर नेमके कोठें उभे आहों तें सांगतें. त्यानें उघड्या जागेंतले चार कोपरे घटकाभरांत दाखविले, आणि ते जुन्या खुणांशीं जुळले. पांचवा कोपरा दादांच्या, म्हणजे आमच्या चुलत बंधूंच्या, गोठ्याला लागून आहे. गोठ्यावर पत्रे आणि शेजारीं मोठा फणस. तेथें काठी टेंकली. पडद्यावर अचूकपणाचा आंकडा दोन सेंटिमीटर, म्हणजे बोटभर, असा दिसला. आणि खुंटी ठोकली गेली ती दादांच्या बाजूला दीड हात आंत.

आमच्या पुतण्याचा चेहरा उजळला. तो म्हणाला, "काका, यंत्राला कोणाची भीड? तें खोटें बोलत नाहीं." दादा कांहींच बोलले नाहींत. खांद्यावरचा पंचा झटकून ते आंत निघून गेले. त्या न बोलण्याचेंच आम्हांस अधिक भय वाटलें. दीड हात जमीन आपली निघाली या विचारानें आमच्याहि मनाला क्षणभर गोड वाटलें, हें येथें लपवीत नाहीं.

बोलला तो मोजणीदार. "गुरुजी, ही खुंटी एवढ्यांत पक्की धरूं नका. पत्र्याशेजारचा आंकडा आहे. दुपारीं पुन्हा घेऊन पाहतों."

यंत्रानें स्वतः बोटभर अचूकपणाची हमी दिली असतां त्याच्यावर त्याच्याच धन्यानें अविश्वास कां दाखवावा? हा प्रश्न आम्हीं तेथें त्याला विचारला, पुढें पुण्यास परतल्यावर आमच्या इंजिनिअर भाच्याला विचारला, आणि जें समजलें तें आज या सदरांत मांडीत आहों. आम्ही जुने मॅट्रिक. हयात मुलांना संस्कृत शिकविण्यांत गेली. तेव्हां दृष्टांतहि त्याच शास्त्रांतले सुचले. जाणत्या वाचकांनीं ते सांभाळून घ्यावेत.

अमेरिकेच्या जी. पी. एस. या व्यवस्थेचा पहिला उपग्रह १९७८ मध्यें वर गेला, आणि १९९५ मध्यें ती व्यवस्था पूर्ण कार्यक्षम झाल्याचें जाहीर झालें. तिचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. प्रत्येक उपग्रह अखंड एक पाठ म्हणत असतो. छंदःशास्त्रांत लघु व गुरु या दोनच चिन्हांनीं सर्व वृत्तें मांडतां येतात. तसाच हा पाठहि दोनच चिन्हांचा आहे. सर्वांसाठीं खुल्या असलेल्या मूळच्या पाठांत १,०२३ अक्षरें आहेत, आणि तो दर सेकंदाला एक हजार वेळां म्हटला जातो. प्रत्येक उपग्रहाचें वृत्त निराळें. आणि खालीं आपल्या हातांतील ग्राहकयंत्राला, ज्याला रिसीव्हर म्हणतात त्याला, हीं सर्व वृत्तें मुखोद्गत असतात. तें स्वतः तोच पाठ म्हणूं लागतें आणि वरून आलेल्या पाठाशीं अक्षराला अक्षर जुळेपर्यंत आपला पाठ मागेंपुढें सरकवितें. जुळला कीं संदेशाला वाटेंत किती वेळ लागला तें कळतें. त्या वेळास लहरींच्या वेगानें गुणलें कीं उपग्रहाचें अंतर निघतें. हा वेग सेकंदाला सुमारें २,९९,७९२ किलोमीटर आहे. डोक्यावरच्या उपग्रहाचा संदेश सेकंदाच्या सुमारें पंधराव्या भागांत येथें पोंचतो. चार उपग्रहांपासूनचीं अंतरें हातीं आलीं म्हणजे अक्षांश, रेखांश, उंची आणि आपल्या यंत्राच्या घड्याळांतील चूक, अशीं चारहि अज्ञातें सुटतात.

गणित निर्दोष आहे. परंतु तें एका गृहीतावर उभें आहे. तें गृहीत असें कीं, संदेश उपग्रहापासून आपल्यापर्यंत सरळ रेषेनें आला. रेडिओच्या लहरी मात्र पत्र्यावर, कांचेवर, भिंतीवर, पाण्यावर आपटून उसळतात. समजा, आपण एका उंच भिंतीपासून १० मीटरांवर उभे आहों, आणि भिंतीच्या बरोबर समोरच्या दिशेला, क्षितिजापासून ६० अंशांवर, एक उपग्रह आहे. त्याची एक लहर थेट आपल्याकडे येते. दुसरी भिंतीपर्यंत जाऊन, उसळून मागें येते. हिशेब केला तर दुसरीची वाट १० मीटरांनीं लांब निघते. हा उशीर सेकंदाच्या सुमारें ३३ अब्जांशांइतकाच. पण येथें एका अब्जांशाला ३० सेंटिमीटरांचा दंड आहे!

एकच संदेश अनेक वाटांनीं येतो म्हणून इंग्रजींत या दोषाला मल्टिपाथ हें नांव आहे. आपण त्याला बहुपथ-दोष म्हणूं. ज्या घरांत गच्चीवर एरियल लावून दूरदर्शन पाहिलें गेलें आहे त्या घरांना हा अपरिचित नाहीं. बातम्या देणाऱ्या बाईंच्या उजव्या खांद्याशेजारीं त्यांचीच फिकट आकृति उभी दिसे, आणि घरांतील मुलें तिला भूत म्हणत. तें भूत म्हणजे एखाद्या इमारतीवरून फिरून, क्षणमात्र उशिरां पोंचलेलें तेंच चित्र होय. डोळ्यांना तीं दोन चित्रें निराळीं दिसत. ग्राहकयंत्राच्या कानांत मात्र दोन्ही पाठ एकमेकांत मिसळतात, आणि पाठ नेमका कोठें जुळला याविषयीं त्याची फसगत होते. फिरून आलेली लहर सरळ लहरीला पूरक पडली तर अंतर खऱ्याहून अधिक भरतें. विरुद्ध पडली तर उलट कमी भरतें.

याहून वाईट प्रकार निराळाच आहे. उपग्रह इमारतीआड दडलेला असतो, सरळ लहर येतच नाहीं, आणि फक्त समोरच्या कांचेवरून उसळलेली ऐकूं येते. यंत्राला ती एकटीच ऐकूं आल्यामुळें तीच खरी वाटते, आणि अंतर नेहमीं जास्तच निघतें. आमच्या धाकट्या सूनबाईंनीं गिरगांवांतून मोबाईलवर टॅक्सी बोलावली, तेव्हां निळा ठिपका पलीकडच्या गल्लींत जाऊन बसला व टॅक्सीहि तिकडेच उभी राहिली. दोन्हीकडे उंच इमारती असलेल्या रस्त्यांत असा प्रकार पुष्कळदां घडतो, त्याचें मुख्य कारण हेंच.

येथें वाचक विचारतील कीं, एवढी मोठी व्यवस्था उभी करणाऱ्यांनीं चुकांचा बंदोबस्त केला नसेल काय? केला आहे. उपग्रहाच्या घड्याळाची चूक, कक्षेची चूक, आणि वातावरणाच्या वरच्या विद्युन्मय थरांतून येतांना होणारा उशीर, या सर्वांवर उपाय आहेत. त्यांतला मोठा उपाय असा कीं, ज्याचें स्थान आधींच अचूक ठाऊक आहे अशा जागीं एक कायमचें ग्राहकयंत्र बसवावयाचें. त्याला आपलें खरें स्थान ठाऊक असल्यामुळें आज आकाशांतून येणाऱ्या संदेशांत किती अंतर पडत आहे तें तें ओळखतें, आणि ती दुरुस्ती आसपासच्या यंत्रांना कळवितें. भारतीय सर्वेक्षण विभागानें महाराष्ट्रांतहि अशीं स्थानकें उभारलीं आहेत, आणि आमच्या मोजणीदाराच्या काठीला दुरुस्ती मिळत होती ती अशाच स्थानकावरून, मोबाईलच्या जाळ्यामार्गें. परंतु ही दुरुस्ती लागू पडते ती दोघांना समान असलेल्या चुकांपुरतीच. आकाशांतली चूक दोघांची सारखी असते. आमच्या दादांच्या गोठ्यावरच्या पत्र्याची बातमी मैलोगणती दूर असलेल्या स्थानकाला कशी असणार? म्हणून इतर दोष जसजसे आटोक्यांत आले, तसतसा हा दोष उरलेल्यांत मोठा ठरला. तो आकाशाचा नाहीं, उपग्रहाचा नाहीं. आपण जेथें उभे आहों त्या जागेचा आहे.

मग यावर शास्त्रज्ञांनीं काय केलें? पहिला उपाय कानाचा, म्हणजे अँटेनाचा. उपग्रहाच्या लहरी मळसूत्राप्रमाणें पीळ घेत येतात, व तो पीळ मुद्दाम उजवा ठेवलेला असतो. आरशांत उजवा हात डावा दिसतो, त्याप्रमाणें परावर्तन झालेल्या लहरीचा पीळ बव्हंशीं डावा होतो. चांगला अँटेना उजव्या पिळाला दार उघडतो व डाव्याला नाकारतो. पण दोन वेळां उसळलेली लहर पुन्हा उजवी होऊन येते, तेव्हां हा द्वारपालहि फसतो. जमिनीवरून उसळून खालून येणाऱ्या लहरींसाठीं अँटेनाभोंवतीं एकाआंत एक धातूचीं कडीं बसवितात. त्यांमधील खांचांची खोली लहरीच्या लांबीच्या चतुर्थांशाहून किंचित् अधिक असते, आणि खालून येणारी लहर त्या खांचांपाशींच रोखली जाते. कायमच्या स्थानकांवर अशीं कडीं दिसतात. मात्र उंच भिंतीवरून उतरणाऱ्या लहरीपुढें त्यांचा इलाज चालत नाहीं, आणि काठीवर मिरवावयास हा अँटेना जडहि पडतो.

दुसरा उपाय पाठ जुळविण्याच्या रीतींतला. यंत्र आपला पाठ थोडा आधीं व थोडा उशिरां असा दोनदां म्हणून पाहतें, आणि दोन्हींची जुळणी सारखी आली म्हणजे खरी जागा त्यांच्या मधोमध आहे असें ठरवितें. पूर्वी या दोहोंत एका अक्षराचें अंतर ठेवीत. अक्षर म्हणजे किती? वर सांगितलेल्या पाठाचें एक अक्षर आकाशांत २९३ मीटर लांब असतें! त्यामुळें सरळ लहरीच्या निम्म्या जोराचा प्रतिध्वनि आला, तर चूक ७३ मीटरांपर्यंत जाऊं शके. व्हॅन डिएरेंडॉंक, फेंटन व फोर्ड या तिघांनीं १९९२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या निबंधांत हें अंतर एका अक्षराच्या दहाव्या भागावर आणल्यास काय होतें तें दाखविलें. दोन साक्षी एकमेकींच्या इतक्या जवळ आणल्या कीं, उशिरां येणाऱ्या पाठाला त्यांच्यामध्यें ढवळाढवळ करण्यास वाव थोडाच उरतो. तीच ७३ मीटरांची मर्यादा सुमारें सातांवर येते. पुढें संगणकाच्या बळावर सरळ व फिरलेला असे दोन्ही पाठ निराळे ओळखून काढण्याच्याहि रीती निघाल्या.

तिसरा उपाय अक्षरच आंखूड करण्याचा. जी. पी. एस.च्या नव्या उपग्रहांवरून एल्-५ या नांवाचा जो संदेश येतो त्याचीं अक्षरें दहापट जलद म्हटलीं जातात, म्हणून एकेक अक्षर सुमारें २९ मीटरच भरतें. प्रतिध्वनि दीड अक्षराहून अधिक मागें पडला कीं तो पाठांत मिसळत नाहीं. जुन्या पाठांत हें घडण्यास वाट ४४० मीटरांनीं लांब असावी लागे. नव्यांत ४४ मीटर पुरतात. २०१८ पासून मोबाईल फोनांतहि हा दुसरा संदेश ऐकण्याची सोय येऊं लागली. पण यांतूनच एक गोष्ट ध्यानांत येईल. दूरच्या डोंगरावरून येणारा प्रतिध्वनि इतका मागें पडतो कीं तो ओळखतां येतो; अगदीं शेजारच्या पत्र्यावरून आलेला मात्र खऱ्याला इतका चिकटून येतो कीं दोघांस वेगळें करणें सर्वांत कठीण. जवळचा पत्रा लांबच्या डोंगराहून वाईट, तो यामुळें.

मोजणीच्या यंत्राची गोष्ट याहून एक पाऊल पुढची. तें नुसतीं अक्षरें मोजून थांबत नाहीं. तीं अक्षरें वाहून आणणाऱ्या मूळ लहरीच मोजतें. ही लहर अवघी १९ सेंटिमीटर लांब, म्हणून तिचा अंश मोजला तर बोटभर अचूकपणा येतो. अक्षरें सांपडलीं आणि लहरींची संख्या बरोबर लागली असेल, तर प्रतिध्वनीमुळें एकेका अंतरांत होणारी चूक लहरीच्या चतुर्थांशापलीकडे, म्हणजे पांच सेंटिमीटरांपलीकडे, सहसा जात नाहीं. परंतु उपग्रहापर्यंत पूर्ण लहरी किती, ही संख्या यंत्राला थेट दिसत नाहीं. ती अनेक उपग्रहांच्या आंकड्यांचा मेळ घालून ठरवावी लागते. पत्र्याचा प्रतिध्वनि आणि फणसाच्या पानांनीं क्षीण केलेले संदेश यांच्या गोंधळांत एखादी संख्या चुकीची ठरली, तर पुढचें सर्व गणित त्या चुकीच्या पायावर मोठ्या नेटकेपणानें उभें राहतें. आमच्या भाच्याचें एक वाक्य आम्हीं वहींत टिपून ठेवलें आहे: "मामा, पडद्यावरचा दोन सेंटिमीटरांचा आंकडा म्हणजे सत्यापासूनचें अंतर नव्हे, साक्षीदार आपापसांत किती जुळले त्याचें तें माप आहे."

हें ऐकून आमचे डोळे उघडले. नैयायिक शब्दाला प्रमाण मानतात तो आप्ताचा शब्द असेल तर. साक्षीदार दहा असले आणि दहाहि एकमेकांशीं जुळले, तरी त्यांतले कांहीं जर भिंतीवर आपटून आलेलें ऐकीव सांगत असतील, तर त्यांच्या एकमताचें मोल किती?

जे उपाय यंत्राच्या बाहेरचे आहेत, त्यांतला एक पंचांग पाहणाऱ्या घरांना विशेष गोड वाटेल. जी. पी. एस.चे उपग्रह एका नाक्षत्र दिवसांत पृथ्वीभोंवतीं दोन फेरे करतात. सूर्यसिद्धांतांत साठ नाडींचें जें नाक्षत्र अहोरात्र सांगितलें आहे तेंच हें. तें आपल्या सौर दिवसाहून सुमारें चार मिनिटांनीं आंखूड. म्हणून आज सकाळीं आठ वाजतां उपग्रह आकाशांत ज्या जागीं असेल, त्याच जागीं तो उद्यां सात छप्पन्नला येतो, आणि एका जागीं कायम बसविलेल्या यंत्राला त्याच भिंतीवरून तोच प्रतिध्वनि चार मिनिटें आधीं ऐकूं येतो. भूकंपासाठीं जमिनीची हालचाल मोजणारे शास्त्रज्ञ कालच्या चुकीचें चित्र चार मिनिटें सरकवून आजच्या आंकड्यांतून वजा करतात. चूकहि इतकी नियमित कीं, ती नक्षत्रांच्या घड्याळावर येते! आपल्या भारताच्या नाविक व्यवस्थेची गोष्ट थोडी निराळी आहे. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजीं गेला. तिच्या मूळ योजनेंतील सात उपग्रहांपैकीं तीन भूस्थिर, म्हणजे आकाशांत जवळजवळ एकाच जागीं उभे राहणारे. फिरत्या उपग्रहाचा प्रतिध्वनि वाट बदलत जातो, कधीं अधिक कधीं उणा होतो, आणि बराच वेळ ऐकून सरासरी घेतली तर पुष्कळसा विरतो. उभ्या उपग्रहाचा मात्र त्याच भिंतीवरून तसाच येत राहतो. तेथें नुसत्या वाट पाहण्यानें काम भागत नाहीं.

शहरांसाठीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील पॉल ग्रोव्ह्ज यांनीं २०११ मध्यें एक युक्ति मांडली. शहरांतील इमारतींच्या उंचीचा नकाशा हाताशीं असेल, तर रस्त्याच्या कोणत्या बाजूला कोणता उपग्रह दिसेल व कोणता इमारतीच्या छायेंत जाईल हें आधींच सांगतां येतें. ज्याचा संदेश क्षीण ऐकूं येतो तो छायेंत असावा. तेव्हां आपण कोणत्या बाजूला उभे असूं तें त्यावरून ताडावयाचें. ऐकूं न येणें हीहि एक साक्षच आहे, असें त्यांनीं मानलें.

आणि सर्वांत नवल असें कीं, जो प्रतिध्वनि एकानें शत्रु मानला त्यालाच दुसऱ्यानें दूत केलें. अमेरिकेंत कोलोरॅडो विद्यापीठाच्या क्रिस्टीन लार्सन यांच्या ध्यानांत आलें कीं, भूकवचाची हालचाल मोजण्यासाठीं बसविलेल्या यंत्रांना जमिनीवरून येणारा प्रतिध्वनि जमीन ओली असतांना एक व कोरडी असतांना निराळा असतो. २००८ पासून त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्या टाकाऊ लहरींवरून मातीचा ओलावा, आणि पुढें बर्फाच्या थराची जाडी, मोजून दाखविली. डिसेंबर २०१६ मध्यें नासानें आठ लहान उपग्रह सोडले. ते समुद्रावरून उसळणारे जी. पी. एस.चे संदेश ऐकून चक्रीवादळांतल्या वाऱ्याचा वेग सांगतात. प्रतिध्वनि खोटा नसतो. तो भिंतीची, पाण्याची, मातीची खरी वार्ता आणीत असतो. आपण त्याला उपग्रहाची वार्ता समजतों, चूक तेथें होते.

आतां घरगुती उपयोगाच्या चार गोष्टी. मोबाईलवर आपली जागा कोणास कळवावयाची असेल तर भिंतीला, कांचेच्या इमारतीला किंवा उभ्या मोटारींना टेंकून उभें राहूं नये. चार पावलें उघड्यावर यावें. ठिपका वेडावांकडा नाचत असेल तर थोडें चालावें. हललें कीं प्रतिध्वनि बदलतो व खरा सूर टिकून राहतो. जमिनीच्या मोजणीच्या वेळीं झाडाखालचा, पत्र्याजवळचा अथवा विहिरीच्या लोखंडी जाळीजवळचा कोपरा असेल, तर एकाच वाचनावर समाधान मानूं नये. दोन-तीन तासांनीं, उपग्रहांची मांडणी पालटल्यावर, पुन्हा घेण्याची नम्र विनंती करावी. क्षितिजाला लागलेल्या उपग्रहांचे संदेश जमिनीला घासून येतात, म्हणून दहा-पंधरा अंशांखालचे उपग्रह सोडून देण्याची रीत आहे, तीहि पाळली जात आहे कीं नाहीं तें विचारण्यास हरकत नाहीं.

आमच्या मोजणीदाराला हें कांहीं सांगावें लागलें नाहीं. दुपारीं दोन वाजतां त्यानें पुन्हा काठी टेंकली. पडद्यावर पुन्हा तोच दोन सेंटिमीटरांचा आंकडा. पण सकाळची खुंटी आतां यंत्राच्या मतें दोन वीत बाजूला होती. पुतण्या गप्प झाला. तेव्हां मोजणीदारानें काठीचा नादच सोडला. वाडीच्या मोकळ्या भागांत, माडांपासून दूर, त्यानें दोन जागा निवडल्या, त्या यंत्रावर सावकाश व दोन-दोन वेळां घेतल्या. आणि त्या जागांवरून टोटल स्टेशन नांवाच्या दुर्बिणीनें, डोळ्यांना दिसणाऱ्या सरळ रेषेंत, गोठ्याजवळचा कोपरा साधला. जेथें आकाश स्वच्छ दिसत नाहीं तेथें आकाशाला विचारूंच नये. उघड्यावर विचारावें, आणि तेथून सरळ रेषेनें चालत यावें, हा त्याचा साधा नियम होता.

कोपरा निघाला तो सकाळच्या खुंटीपासून दीड हात अलीकडे. दादांनीं स्वतः कुदळ घेतली. हातभर खणल्यावर आजोबांच्या वेळचा, खूण केलेला चिरा लागला. तो नव्या खुंटीपासून चार बोटांवर होता, आणि तीं चार बोटें आमच्याच बाजूचीं कमी झालीं. कोणी कांहीं बोललें नाहीं. दादांनीं चिऱ्यावरची माती हातानें झाडली आणि आंत वळून सांगितलें, "आज सर्वांचीं पानें इकडेच मांडा."

मृगापूर्वी गडगा पुरा झाला. गोठ्याजवळच्या टोंकाला दादांनीं हातभर वाट मोकळी ठेवविली आहे. यंदा गणपति आमच्याकडे आहे, आणि पलीकडच्या घरांतून नैवेद्याचीं ताटें आणावयास तीच वाट जवळची.